जुना ट्रॅक्टर द्यायचा का ठेवायचा

नमस्कार मंडळी. शेडमधला जुना ट्रॅक्टर डीलरला देऊन वर पैसे घालून नवा आणायचा, का अजून दोन-चार हंगाम यालाच रेटायचं, हा घोळ सध्या आमच्या घरात चालू आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे पण चालू असणार. पोरगं म्हणतं काढून टाका, मालकीणबाई म्हणतात हप्ता कोण भरणार, आणि मी रोज सकाळी बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो, त्यानं काही ठरत नाही.

पहिलं म्हणजे साल विसरा. ट्रॅक्टर किती वर्षांचा आहे यापेक्षा किती तास चाललाय ते बघायचं, पण त्यातही गंमत आहे. जुन्या ट्रॅक्टरचं तासाचं मीटर इंजिनवरून केबलनं फिरतं, त्यामुळं एका ठरावीक आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाएवढा भरतो, इंजिन त्याहून हळू फिरलं की मीटर मागं राहतं. म्हणजे ज्यानं दिवसभर कमी रेसवर ट्रॉली ओढली त्याचं मीटर कमी दाखवतं, रेस चढवून चालवणाऱ्या रोटाव्हेटरवाल्याचं जवळजवळ खरं दाखवतं. आणि केबल तुटून वर्षभर मीटर बंद पडलेलं असेल तर विषयच संपला.

मग बघायचं कसं? सकाळी, इंजिन एकदम गार असताना. ब्लॉकला हात लावून बघा, कोमट जरी लागला तरी समजा कुणीतरी आधी चालू करून ठेवलाय (विकत घेताना हे हमखास होतं, आपल्याच ट्रॅक्टरला कशाला कोण करेल, पण पोरं करतात). स्टार्टर मारला आणि दोन-तीन फेऱ्यात उचलला तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनचा हवा दाबायचा जोर, अजून आहे. नुसता घुर्र घुर्र करून पांढरा धूर सोडत बसला तर डिझेल न जळता बाहेर येतंय. गरम झाल्यावर निळा धूर राहिला म्हणजे ऑईल जळतंय, काळा असेल तर घाबरू नका, आधी एअर फिल्टर झटका आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) तपासून घ्या, बरेचदा तिथंच मिटतं.

आता खरी परीक्षा. इंजिन गरम झालं की चालू ठेवूनच ऑईल भरायच्या तोंडाचं झाकण काढा. थोडी वाफ येतेच, ती चालते. पण भक्‌ भक्‌ करत झटक्यानं धूर यायला लागला, झाकण वर ठेवलं तर थडथड उडतंय, तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) गेलेत, जळालेला गॅस पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतोय. डिपस्टिकवरचं ऑईल चहासारखं दुधट दिसलं तर आत पाणी शिरलंय. आणि एक सांगून ठेवतो, डिझेलची पाइप कुठं लीक आहे ते बघायला चालू इंजिनात हात पुढं धरू नका, पंपापासून नोझलपर्यंतचं प्रेशर कातडी फोडून आत जातं, दिसायला टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि बोट कापायची वेळ येते.

बरं, इंजिनचं काम निघालं म्हणून ट्रॅक्टर द्यायचा का? माझं मत विचाराल तर नाही. इंजिनचं काम मोजता येतं, पिस्टन, लायनर, बेअरिंग, क्रँक घासायची का नाही, मेस्त्री आकडा सांगतो आणि आठ-दहा दिवसात मोकळं. जुन्या मशीनला डिझेलचा साधा पंप असतो, झाडाखाली बसून खोलता येतो. बऱ्याच नव्यात सेन्सर आहेत, धुराचे फिल्टर आहेत, लॅपटॉप घेऊन माणूस येईपर्यंत पेरणी थांबते. मला भीती वाटते ती मागच्या बाजूची. क्लच बदलायचा तरी ट्रॅक्टर मधून फोडून दोन तुकडे करावे लागतात, आणि ओढ आली की गिअर आपोआप सुटायला लागला, त्यात त्या मॉडेलचं सामानच मिळत नसेल, तर मग आज नाही उद्या काढावाच लागतो. मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टचं पण तसंच, नांगर वर उचलून इंजिन बंद करा, चहा पिऊन या, तोवर नांगर जमिनीला टेकला तर आत गळतंय.

मी मागच्या दोन हंगामात एक साधी गोष्ट केली, वहीत लिहून ठेवलं की ट्रॅक्टर किती दिवस उभा राहिला. बिलं नाही, दिवस. बिलं सगळ्यांकडं असतात, पण वापसा आलाय, म्हणजे रान कामाजोगं झालंय, आणि ट्रॅक्टर मेस्त्रीच्या दारात आहे, त्या दिवसाची पावती कुणी देत नाही. पहिल्या हंगामात 3 दिवस, दुसऱ्यात 11. उन्हाळ्यात उभा राहिला तर ते धरलेच नाहीत, तेव्हा राहू दे की उभा. या 11 नं माझं मन फिरवलं, दुरुस्तीच्या खर्चानं नाही.

एक्सचेंजला गेल्यावर काय होतं ते पण सांगतो, कारण मी एकदा फसलोय. त्यांनी माझ्या जुन्याला इतकी किंमत धरली की मी खूश, नंतर कळलं की नव्यावरची सूट तेवढीच कमी केली होती. म्हणून आधी नुसत्या नव्याचा भाव घ्यायचा, जुन्याचं नाव काढायचं नाही. तो कागदावर आला की मग जुना देऊन वर किती द्यायचे ते विचारायचं, आणि बाहेरचा गिऱ्हाईक रोख काय देतो ते पण बघून ठेवायचं. अवजारं मोजायला विसरू नका, अवजार जोडायच्या पिनांचे ठरलेले माप असतात, लहान ट्रॅक्टरच्या कॅटेगरी एकची खालची पिन 22 मिलिमीटरची, मोठ्याच्या कॅटेगरी दोनची 28 ची, म्हणजे मोठा घेतला की अवजारांचा पण खर्च आला. मधला फरक भरायला बुश (लोखंडी कडी) घालून चालतं, पण हलकं अवजार मोठ्या ट्रॅक्टरमागं किती दिवस टिकणार. आणि हप्ता, तो पीक बुडालं तरी येतो, जुना ट्रॅक्टर निदान तारीख लावून पैसे मागत नाही.

एका गोष्टीला मात्र माझ्याकडं उत्तर नाही. जुन्याला उलटल्यावर वाचवणारी लोखंडी फ्रेम नाही. स्वीडननं 1959 सालीच नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली होती आणि आम्ही अजून उतारावर देवाचं नाव घेऊन चालवतो. काही मॉडेलना नंतर बसवता येते, कंपनीची, बेल्टसकट, गावठी वेल्डिंगची नाही. आमच्याला मिळेना.

तर सोमवारी माणूस येणार आहे बघायला. पोरगं म्हणालं धुऊन ठेवू, गरम करून ठेवू. धुवायला माझी ना नाही, पण गरम करायचा नाही म्हणलं, त्याला पण गारच बघू दे. तिसरा गिअर सुटतो ते मीच सांगणार आहे, आणि जमलं नाही तर फवारणीला आणि पाण्याच्या टँकरला राहील तो शेडमध्ये. नमस्कार.