आधी मोजणी, मग सुनावणी

[दृश्य: पावसाळ्यातील माडबनचा सडा, उंचावरून. कॅमेरा समुद्राच्या दिशेने सरकतो.]

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, जैतापूर खाडीच्या दक्षिणेला, समुद्राच्या कडेने पसरलेले हे जांभ्या दगडाचे पठार म्हणजे माडबनचा सडा. उन्हाळ्यात इथे काळा पडलेला कातळ आणि वाळके गवत दिसते. पहिले चार-दोन पाऊस पडून गेले की याच कातळाच्या खळग्यांत पाणी साठते, गवत गुडघ्याला लागते, वाडीवाडीतून गुरे वर चरायला येतात आणि जिथे म्हणून वीतभर माती आहे तिथे भात आणि नाचणी उभी राहते. या सड्यावर आणि त्याला लागून असलेल्या माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरीलवाडा या गावांच्या मिळून 938 हेक्टर जमिनीवर, प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या 6 अणुभट्ट्या उभारण्याचे सरकारने ठरवले. तेव्हा ठरलेली एकूण क्षमता 9900 मेगावॅट. हा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प पूर्ण झाला, तर एकाच जागी वसलेले जगातील सर्वांत मोठे अणुवीज केंद्र इथे असेल.

[दृश्य: गडगा. चिऱ्यांच्या फटीतून उगवलेले नेचे. पलीकडे हापूसची कलमे.]

हा गडगा चुन्याशिवाय आणि सिमेंटशिवाय रचलेला आहे. त्यातला प्रत्येक दगड याच जमिनीतून निघाला. कातळावर आंब्याची बाग करायची म्हणजे आधी कातळ फोडावा लागतो, सुरुंग लावून एकेक खड्डा पाडावा लागतो, त्यात खालच्या मळ्यातून आणलेली माती भरावी लागते आणि मग त्या खड्ड्यात कलम लावले जाते. पहिली काही वर्षे फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्या कलमाला डोक्यावरून वाहून आणलेले पाणी घालावे लागते, कारण कातळ पाणी धरून ठेवत नाही. फोडलेल्या दगडांचे काय करायचे, तर त्यांचा गडगा होतो आणि गुरे बाहेर राहतात. झाड हाती लागेल इतके फळ द्यायला आठ-दहा वर्षे घेते. 1990 पासून राज्य सरकारनेच रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणातल्या शेतकऱ्यांना ही कलमे लावायला मदत केली आणि त्या मदतीवर कोकणच्या पडीक कातळाच्या बागा झाल्या. ज्या शासनाने एका हाताने कातळावर बाग उभी करून दिली, त्याच शासनाच्या दुसऱ्या खात्याने प्रकल्पाच्या कागदांत हाच भाग बहुतांश ओसाड आणि नापीक ठरवला.

सातबाऱ्यावर यातली बरीच जमीन वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, म्हणून लागलेली आहे, काही भाग पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीत, आहे. त्या नोंदी जुन्या आहेत आणि त्यांवर बोट ठेवून दर ठरवला गेला. पडीक जमिनीला चौरस फुटाला 2 रुपये 86 पैसे आणि लागवडीच्या जमिनीला 3 रुपये 70 पैसे, हा सुरुवातीचा मोबदला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी 2010 मध्ये या गावांत फिरून अहवाल तयार केला आणि सुपीक, वापरातील जमीन कागदावर ओसाड दाखवली गेल्याचे त्यात नोंदवले. ही बाग पाहताना तो अहवाल शेजारी ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

[दृश्य: राजापूर, तहसील कार्यालयाबाहेरचा रस्ता. फायलींचे गठ्ठे.]

माडबनच्या विरोधाबद्दल बाहेर बोलले जाते तेव्हा गावकरी विजेच्या विरोधात आहेत, विज्ञानाला घाबरतात किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून उठले आहेत, असे सहज म्हटले जाते. या विरोधाचे मूळ मात्र घटनांच्या क्रमात आहे, म्हणून तो क्रम सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

2005 मध्ये केंद्र सरकारने या जागेला तत्त्वतः मंजुरी दिली. 2006 पासून 1894 च्या ब्रिटिश काळातील भूसंपादन कायद्याखाली जमीन घेण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि मोजणीचे कर्मचारी सड्यावर दिसू लागले. त्या कायद्यात जमीनमालकाची संमती लागत नसे. त्याने हरकत घ्यायची आणि ती ऐकून अधिकाऱ्याने आपला निर्णय द्यायचा, एवढीच तरतूद होती. हे चालू असताना नव्याने परदेशी अणुभट्टी विकत घेण्याची मुभाही भारताला नव्हती. अणुपुरवठादार देशांच्या गटाने ती सवलत सप्टेंबर 2008 मध्ये दिली, फ्रान्सशी अणुसहकार्याचा करार त्याच महिन्याच्या अखेरीस झाला आणि भारतीय अणुऊर्जा महामंडळाने फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीशी सामंजस्य करार केला तो फेब्रुवारी 2009 मध्ये. म्हणजे सड्यावर कोणती अणुभट्टी येणार, ती कोण बांधणार, तिला थंड करण्यासाठी किती पाणी लागणार, यांपैकी काहीही ठरण्याच्या दोन-अडीच वर्षे आधी मोजणी सुरू झाली होती. गावकऱ्याने हरकत घ्यायची ती नेमकी कशाला, हे सांगू शकेल असा एकही कागद तेव्हा अस्तित्वात नव्हता.

[दृश्य: माडबन, भगवती देवीच्या मंदिराचे आवार. सभेसाठी बसलेले स्त्री-पुरुष.]

29 डिसेंबर 2009, त्यानंतर 12 जानेवारी आणि 22 जानेवारी 2010, असे तीन वेळा अधिकारी मोबदल्याचे धनादेश घेऊन माडबनला आले. तिन्ही वेळा गावाने ते नाकारले आणि काळे झेंडे दाखवले. तिसऱ्या वेळी 72 जणांना अटक झाली. 2300 हून अधिक खातेदारांपैकी त्या वर्षी जेमतेम शंभराच्या आसपास लोकांनी पैसे उचलले होते, आणि तरीही जमीन कागदोपत्री संपादित झाली होती. या सगळ्या काळात गावाची बैठक भरायची ती याच आवारात. बायका पुढच्या ओळीत बसायच्या. आजही बसतात, ते आपण पाहतोच आहोत.

या सभांमध्ये तारापूरचे नाव पुन्हा पुन्हा निघत असे. 1969 पासून तिथे अणुवीज केंद्र आहे. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. पुनर्वसनाच्या तक्रारी घेऊन त्या गावांतील लोकांना न्यायालयापर्यंत जावे लागले, हे माडबनकरांनी आधीच समजून घेतले होते.

जमीन अशी घेऊन झाल्यानंतर, 16 मे 2010 रोजी, माडबनला पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार अशा सुनावणीची किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) तयार केलेला पर्यावरण परिणाम अहवाल मराठीत वेळेवर आणि सर्व ग्रामपंचायतींना मिळाला नाही, ही गावकऱ्यांची तक्रार तेव्हापासून आजवर कायम आहे. सुनावणीत हरकतींचा पाऊस पडला. 28 नोव्हेंबरला तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 35 अटी घालून मंजुरी जाहीर केली आणि त्यानंतर आठच दिवसांनी, 6 डिसेंबर 2010 रोजी, फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिल्लीत अरेव्हाशी करारावर सह्या झाल्या. पाहुण्याच्या दौऱ्याची तारीख आधी ठरली होती आणि मंजुरीला त्या तारखेच्या आत बसावे लागले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

[दृश्य: पहाटेची साखरी नाटे जेटी. होड्या लागत आहेत. बर्फ, टोपल्या, लिलाव.]

खाडीच्या उत्तर तीरावर साखरी नाटे आहे. इथली वस्ती प्रामुख्याने मुस्लिम मच्छीमारांची. होडी लागली की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आधी जाळे मोकळे करतो, खलाशी मासळी निवडून वेगळी करतात. बांगडा एका टोपलीत, तारली दुसरीत, म्हाकूल तिसरीत, आणि सुरमई सापडली असेल तर ती हातानेच बाजूला ठेवली जाते. टोपली जमिनीला टेकायच्या आत बोली सुरू होते. बर्फ फोडणारे, टेम्पोवाले, जाळी विणणारे, सुकी मासळी विकणाऱ्या बायका, या सगळ्यांचा दिवस या तासाभरावर चालतो.

या माणसांची एक गुंठाही जमीन प्रकल्पात गेलेली नाही. भूसंपादनाच्या यादीत त्यांचे नाव नाही, कारण समुद्राचा सातबारा नसतो. त्यांचा प्रश्न पाण्याचा आहे. अणुभट्टीत जी उष्णता तयार होते, तिच्यापैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते आणि उरलेली कुठेतरी सोडावी लागते. इथे ती समुद्रात सोडली जाणार आहे. 6 अणुभट्ट्या चालू झाल्यावर दररोज सुमारे 5200 कोटी लिटर पाणी समुद्रातून घेऊन पुन्हा समुद्रात जाईल आणि ते मूळ पाण्यापेक्षा सुमारे 5 अंशांनी गरम असेल, असे सांगितले गेले. पाण्याचा हा ओघ पावसाळ्यापुरता नसून वर्षाचे बाराही महिने राहणार आहे. खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला येणारी मासळी ते किती सहन करेल, आणि केंद्राच्या सुरक्षेसाठी समुद्रात कुठवर बंदी येईल, हे दोन प्रश्न नाटेकर पहिल्यापासून विचारत आहेत. जाळी टाकायची जागा एकदा बंद झाली की होडीला वळसा पडतो आणि डिझेलचा खर्च वाढतो, हे जेटीवरचे लहान मूलही सांगते.

सरकारची बाजू अशी की सडा समुद्रसपाटीपासून पुरेसा उंच असल्याने त्सुनामीचे भय नाही, ही अणुभट्टी आधीच्या पिढ्यांपेक्षा अधिक सुरक्षित आहे आणि देशाला कोळशाविना मोठ्या प्रमाणावर वीज हवी आहे. यातील शेवटचा मुद्दा खरा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. भूकंपाबाबत मात्र रॉजर बिल्हम आणि विनोद गौर या भूशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात लेख लिहून या जागेच्या धोक्याचा अधिक बारकाईने अभ्यास व्हावा, असे सुचवले.

[दृश्य: नाटे, बाजारपेठेतील रस्ता. निवेदनानंतर फक्त रस्त्याचा आवाज, दहा सेकंद.]

11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात घडला. 18 एप्रिलला नाटे गावात पोलिसांचा गोळीबार झाला आणि एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. त्याच महिन्यात तारापूरहून जैतापूरकडे निघालेली यात्रा, जिच्यात माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांच्यासारखी माणसे होती, पोलिसांनी अडवली. जमावबंदी, तडीपारीच्या नोटिसा आणि खटले पुढेही चालू राहिले.

[दृश्य: प्रकल्पाची कुंपणभिंत. भिंतीच्या आतील गवत.]

2013 मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांवर नेण्यात आला आणि त्यानंतर बहुसंख्य खातेदारांनी तो स्वीकारला. पैसे घेतले म्हणजे विरोध संपला, असे यावरून सांगितले जाते. ज्याच्या जमिनीवर भिंत उभी राहिली, बागेत जायची वाट बंद झाली आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावरून उतरले, त्याने पैसे घेण्याला संमती म्हणणे अन्यायाचे आहे.

या भिंतीच्या आत अजून एकही अणुभट्टी नाही. ज्या प्रकारची अणुभट्टी इथे बसवायची, तिचे फ्रान्समधील फ्लामानव्हिल येथील काम 2007 मध्ये सुरू झाले आणि ती विजेच्या जाळ्याला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये; खर्च मूळ अंदाजाच्या चौपट झाला. फिनलंडमधील ओल्किलुओटोच्या अशाच अणुभट्टीचे बांधकाम 2005 मध्ये सुरू झाले आणि ती 2023 मध्ये नियमित वीज देऊ लागली. दरम्यान अरेव्हाचा अणुभट्टी व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच सरकारी कंपनीकडे गेला. मार्च 2018 मध्ये ईडीएफशी नवा करार झाला आणि एप्रिल 2021 मध्ये तिने 6 अणुभट्ट्यांचा तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव सादर केला. विजेचा दर काय असेल आणि अपघात झाल्यास भरपाई कुणी द्यायची, यावर बोलणी वर्षानुवर्षे चालू राहिली.

2010 ची सुनावणी फुकुशिमाच्या आधीची आहे, अणुभट्टी व्यवसायातून बाहेर पडलेल्या कंपनीच्या प्रस्तावावर झालेली आहे आणि तिच्यात मच्छीमारांना बाधित म्हणून मोजलेले नाही. पुढचा करार होण्याआधी नवा पर्यावरण अहवाल तयार व्हावा, तो संपूर्ण मराठीत, माडबनपासून नाट्यापर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत सुनावणीच्या किमान 30 दिवस आधी पोचावा, आणि सुनावणी मे महिन्यात, बागायतदार आंबा उतरवण्यात गुंतलेला असताना, ठेवली जाऊ नये.