मिथेनचा आकडा का हलतो

[दृश्य : स्वयंपाकघरातला नळ. काचेचा पेला भरतो, पाणी दुधासारखं पांढरं.]

पेला ओट्यावर ठेवा आणि तळाकडे बघत राहा. पाणी खालून वर निवळत जातं. म्हणजे हा गाळ नव्हे, बारीक बुडबुडे आहेत. बुडबुडे साध्या हवेचेही असतात. पण अमेरिकेत, ईशान्य पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना परगण्यात पहिली शंका मिथेन या ज्वलनशील गॅसची येते. इथल्या डिमॉक गावात १ जानेवारी २००९ रोजी एका घरच्या बोअरवेलचं काँक्रीटचं झाकण स्फोटानं उडालं.

मिथेनला ना वास, ना चव. धोका तो पाण्यातून सुटल्यावर. बंद जागेतल्या हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

मार्सेलस शेल या खोलवरच्या खडकाच्या थरातल्या गॅससाठी इथे खोदाई सुरू झाली, त्याआधीही काही विहिरींत मिथेन होताच. विशेषतः दरीतल्या, सोडियम जास्त असलेल्या पाण्यात. म्हणून खरा प्रश्न असा : पाण्यातल्या मिथेनचा आकडा वाढला, तो विहिरीत वाढला की नमुना घेताना?

[दृश्य : विहिरीचा उभा छेद. पंप चालू, पाणी खाली जातं.]

साध्या हवेच्या दाबाला, गार पाण्यात लिटरमागे साधारण २८ मिलिग्रॅम मिथेन विरघळतो. पाण्याखाली २० मीटरवर दाब तिप्पट, तिथे मिथेनही जवळपास तिप्पट मावतो. पंप जोरात चालला की पातळी उतरते, दाब घटतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा गॅस सुटतो. त्यामुळे सकाळी, रात्रभर पंप बंद असताना घेतलेला नमुना आणि दिवसभर कपडे धुतल्यावर घेतलेला नमुना यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पावसाळी ढग येताना हवेचा दाब पडतो, तेव्हाही झाकणाखाली गॅस जास्त साठतो.

[दृश्य : नमुना घेणारे हात, जवळून.]

नमुना प्रेशर टँकच्या, म्हणजे घरात पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीच्या, आधीच्या तोटीतून घ्यावा. टाकीत गॅस आधीच निसटलेला असतो. तोटीची जाळी काढा, धार बारीक ठेवा. तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत पाणी वाहू द्या. मग नळी ४० मिलिलिटरच्या कुपीच्या तळाशी टेकवून सावकाश काठोकाठ भरा. झाकल्यावर कुपी उलटी करा : एकही बुडबुडा दिसता कामा नये. कुपीत हायड्रोक्लोरिक आम्ल हवंच, नाहीतर जिवाणू वाटेतच मिथेन खातात. बर्फात ठेवून १४ दिवसांत तपासणी.

भरतानाच पाणी फसफसत असेल, तर उघड्या कुपीतला आकडा खरा नाही, कमीच येणार. अशा वेळी तोटीला थेट जोडता येणारी बंद पिशवी वापरायची. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या कागदावर कुठेच दिसत नाहीत.

नोंदवहीत आकड्याशेजारी पाण्याची पातळी, पंप किती वेळ चालला आणि हवेचा दाब हेही लिहा. अशी वर्षभराची नोंद असेल, तरच अचानक आलेली उडी ओळखता येते. मग गॅस कुठून आला हे कळायला समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) आणि इथेन (खोलवरच्या गॅसमध्ये मिथेनसोबत असणारा वायू) तपासावेत. मात्र इथेन सापडला म्हणजे गॅस मार्सेलसमधलाच, असं नाही. त्याच्या वरच्या खडकांतही खोलवरच्या उष्णतेत बनलेला गॅस आहे. जुन्या नमुन्यापेक्षा गॅसची घडण बदलली का, ते पाहायचं. बदलली असेल, तर संशय बहुधा जवळच्या गॅसविहिरीच्या केसिंगबाहेरच्या, म्हणजे तिच्या पोलादी नळीभोवतीच्या, सिमेंटवर येतो. गॅस काढायला खालच्या खडकात पाडलेल्या भेगांवर क्वचितच. नव्यानं गॅस शिरलेल्या पाण्यात पुढे सल्फेट घटतं, लोह आणि मँगनीज वाढतात, कधी कुजक्या अंड्यांचा वास येतो.

अमेरिकेच्या खाण खात्याच्या मार्गदर्शनात लिटरला १० मिलिग्रॅमला सावधानता आणि २८ला तातडीची कारवाई सांगितली आहे.

[दृश्य : बर्फात उभा व्हेंट पाइप.]

विहिरीवर बंद झाकण नको, व्हेंट (गॅस बाहेर सोडणारा पाइप) असलेलं हवं. पाइपचं तोंड उघड्यावर, खिडकीपासून आणि ठिणगीपासून दूर, बर्फाच्या थरापेक्षा उंच असावं. जानेवारीत त्याच्या जाळीवर बर्फ धरतो. तो हातानं झाडून काढावा लागतो.