पगारपत्रकावरच्या दोन ओळी

श्रोतेहो, नमस्कार.

आजारपणाचा खर्च समाजाने कसा वाटून घ्यावा, या प्रश्नाचा विचार करायला कारखान्यातल्या एखाद्या कामगाराचे पगारपत्रक पुरेसे आहे. त्यावरच्या कपातींपैकी दोन ओळी आज आपण वाचू.

पहिली ओळ कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ई.एस.आय.ची. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, अशी ही वर्गणी आहे. २० हजार मिळवणाऱ्याचे दीडशे रुपये कापले जातात, तर १२ हजार मिळवणाऱ्याचे नव्वद. उपचार मात्र वर्गणी पाहून नव्हे, दुखणे पाहून मिळतात. तत्त्व म्हणून यात खोट काढायला जागा नाही. खोट आहे ती वेतनमर्यादेत. २०१७ साली ही मर्यादा महिना २१ हजार ठरली, आणि त्यापुढे पगार गेला की माणूस या निधीतून बाहेर पडतो. ज्याच्याकडून निधीला खरी भर पडली असती, तोच बाहेर; त्यामुळे कमी पगारवाल्यांनी कमी पगारवाल्यांचा भार उचलायचा, एवढेच उरते. बाहेर पडलेला खासगी मेडिक्लेम घेतो, आणि तिथला हप्ता वय विचारतो, उत्पन्न विचारत नाही.

दुसरी ओळ व्यवसाय कराची. महाराष्ट्राने १९७५ साली हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाला पैसा द्यावा, हा विचार आपल्या राज्याने तेव्हाच अमलात आणला, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो. पण या कराला राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने वर्षाला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. परिणामी महिना ११ हजार कमावणारा पुरुष कर्मचारी शंभरामागे जवळजवळ एक रुपया नव्वद पैसे भरतो, आणि वर्षाला ५० लाख मिळवणारा फक्त पाच पैसे.

उत्पन्नाबरोबर वाढणारी वसुली आपल्याकडे अजिबात नाही, असेही नाही. प्राप्तिकरावर आरोग्य आणि शिक्षणासाठी चार टक्के उपकर आहे. मात्र उपकराचा पैसा राज्यांच्या वाट्यात धरला जात नाही, आणि सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय तर राज्यांचा!

दरम्यान, २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. दहा वर्षांपूर्वीपेक्षा हे प्रमाण बरेच खाली आले आहे, हे मान्य. तरीही ही वसुली माणूस आजारी असतानाच, बहुधा त्याची मजुरी बुडालेली असतानाच होते, आणि ती उत्पन्न पाहत नाही.

मग सर्वांनाच पगाराच्या प्रमाणात वर्गणी लावावी का? माझ्या मते तेवढ्याने भागणार नाही. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या हाती मुकादमाची उचल पडते, पगारपत्रक नव्हे; कपात करायची कशातून? थायलंडने २००२ साली हा पेच सोडवला तो असा: पगारदारांच्या आणि सरकारी नोकरांच्या योजना होत्या तशा ठेवल्या, आणि उरलेल्या सगळ्यांचा, म्हणजे बहुसंख्य जनतेचा, उपचारखर्च सर्वसाधारण करांतून उचलला. रुग्णाकडून सुरुवातीला एका भेटीचे ३० बाथ तेवढे घेतले जात. आपल्याकडेही वरच्या उत्पन्नावरचा कर वाढवून तो पैसा ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचवला, तर त्या जोडप्याला दवाखान्यासाठी पुढच्या हंगामाची उचल आधीच घ्यावी लागणार नाही.