लाल कागद, हिरवा कागद

[पाण्यावर हिरवा तवंग. खाली तिलापियांचा थवा.]

हे नीलहरित शेवाळ. याच्या पेशींची भिंत चिवट. तिलापिया मासा मात्र त्यावर पोसतो.

[उघडलेलं जठर. चिमट्यात पीएच कागद.]

कागद बघा. लालभडक! म्हणजे तीव्र आम्ल; पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. तिलापियाच्या जठरातला पीएच १.४ पर्यंत उतरतो. पण दिवसभर नाही. युगांडातल्या जॉर्ज सरोवरातल्या तिलापियांवर संशोधक मोरियार्टी यांनी केलेला अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. रात्री मासा खात नाही, तेव्हा आम्लही सुटत नाही. सकाळी चरायला लागला की आम्ल सुटू लागतं, पण पुरेसं साठायला काही तास जातात. तोवर गिळलेलं शेवाळ हिरवंच आत जातं आणि हिरवंच बाहेर पडतं.

[सूक्ष्मदर्शकाखाली दोन नमुने.]

डावीकडे सकाळचं, उजवीकडे दुपारचं. तपकिरी झालंय ना? आम्लानं हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून गेलं, म्हणून. पेशी फुटल्या, आता आतलं अन्न आतड्याच्या हाती लागेल.

[ट्रेमध्ये रोहूचं आतडं उलगडताना.]

आता रोहू. आतडं उलगडतंय... अजून उलगडतंय. माशाच्या लांबीच्या कित्येक पट. यात जठर शोधू नका. नाहीच ते. कटला, मृगळ, सायप्रिनस, गोल्डफिश, सगळ्या कार्प कुळाचं असंच. कागद इथे हिरवा होतो, कारण पीएच ७ किंवा त्याच्या थोडा वर, म्हणजे आम्ल नाहीच. आम्ल सोडणाऱ्या पंपाची आणि पेप्सिनची (आम्लात प्रथिनं पचवणाऱ्या विकराची) जनुकं या कुळानं केव्हाच टाकून दिली.

याला कुणी 'अपुरी पचनसंस्था' म्हणालं, तर त्याला पुढचं दृश्य दाखवा.

[घशातले दात, अगदी जवळून.]

जबड्यात एकही दात नाही. आहेत ते घशात. घास इथे भरडला जातो. मग ट्रिप्सिनसारखी विकरं कामाला लागतात. त्यांना आम्ल चालतच नाही, आणि एवढ्या लांब आतड्यात घाईही नसते. आम्लाचं काम दातांनी आणि लांबीनं वाटून घेतलंय.

[खाद्याच्या गोळ्या पाण्यात पडताना. मग तळाचा गाळ.]

एक गोष्ट तेवढी जमत नाही. फिशमीलमधल्या (खाद्यातल्या माशांच्या भुकटीतल्या) हाडांचा फॉस्फरस आम्लाशिवाय नीट विरघळत नाही. कार्पच्या पोटातून तो बराचसा तसाच गाळात जातो, आणि त्यावर शेवाळ माजू शकतं. म्हणून या माशांच्या खाद्यात सहज विरघळणारं फॉस्फेट घालतात.

[पुन्हा हिरवा तवंग.]