एका सिंकची 200 ग्रॅम धूळ

[दृश्य : जळगाव, वैशाखातली दुपार. नव्या घराचं स्वयंपाकघर. ग्रॅनाइटच्या ओट्यावर पेन्सिलीने आखलेला चौकोन.]

ओटा बसला. राहिलाय फक्त सिंकचा काप, 24 इंच बाय 18 इंच. चार इंची कटर, डायमंड ब्लेड, अर्ध्या तासाचं काम. पाणी सोडलं तर भिंतीचा रंग खराब होईल, म्हणून ब्लेड कोरडंच फिरतं. धूळ घरभर जाऊ नये म्हणून दारही लोटून घेतात.

हिशेब करून बघू. कापाची एकूण लांबी 84 इंच, म्हणजे सुमारे 213 सेंटीमीटर. लादी 18 मिलिमीटर जाड. ब्लेड 2 मिलिमीटर रुंदीचा दगड खातं. झालं सुमारे 77 घनसेंटीमीटर दगडाचं पीठ, वजन 200 ग्रॅम. एका सिंकचं.

ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश स्फटिकी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, असते. तिची बारीक धूळ फुप्फुसाला घातक. कारखान्यात राळ घालून बनवलेल्या क्वार्ट्झच्या लादीत ती 90 टक्क्यांवरही जाते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा लाद्या बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली, ती याचमुळे. आपल्या खानदेशातला काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. त्यात मोकळं क्वार्ट्झ फारच थोडं. त्याची धूळही चांगली नाहीच. पण ‘आमच्या आज्याने जन्मभर दगड फोडला, त्याला काही झालं नाही’ हा दाखला ग्रॅनाइटला लावता येत नाही. दगडच वेगळा आहे.

अमेरिकेत श्वासात जाणाऱ्या सिलिकेची आठ तासांच्या पाळीची मर्यादा आहे एक घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅम. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत ही मर्यादा गाठायला दीड मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. चिमूटभर मिठाच्या शंभराव्या भागाहून कमी. दिसणारी जाड धूळ खाली बसते. चार-पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण दिसत नाहीत, तासन्‌तास तरंगतात आणि थेट वायुकोशांत उतरतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत फुप्फुसावर वण धरत जातात. हाच सिलिकोसिस. काम सोडलं तरी तो वाढू शकतो, आणि झालेले वण बरे करणारं औषध नाही.

[दृश्य : दुकानातलं कटिंग टेबल, ब्लेडवर पाण्याची धार.]

म्हणून सिंकचा आणि गॅसच्या शेगडीचा काप दुकानातच, पाण्याखाली व्हायला हवा. सिंक आधी दुकानात आणा, नाहीतर प्लायवुडचा फर्मा काढा. कारागिरांची अडचण खरी आहे : कापलेल्या लादीत सिंकच्या पुढे-मागे दोन-तीन इंचांची पट्टी उरते आणि टेम्पोतून नेताना ती तुटते. त्यावर उपाय असा, की पट्टीच्या लांबीला लोखंडी चॅनल किंवा जाड लाकडी पट्टी शिकंज्याने आवळायची आणि लादी उभ्या काठावर न्यायची, आडवी कधीच नाही.

पाणी ब्लेडवर, ते दगडाला टेकतं तिथेच पडलं पाहिजे. मिनिटाला किमान अर्धा लिटर. विजेच्या कटरला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही. जमलं तर पॉलिशला हवेवर चालणारं मशीन घ्या, शॉकची भीतीच उरत नाही.

उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, हे खरं. दोन ड्रम ठेवा. गाळ एकात बसू द्या, निवळलेलं पाणी दुसऱ्यात घेऊन पुन्हा वापरा. गढूळ पाणी फिरवू नका, त्याच्या तुषारांतून तीच सिलिका उडते.

आणि गाळ. आपल्याकडच्या उन्हात तो संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतो, सकाळी झाडू मारला की पुन्हा हवेत. तो ओला असतानाच फावड्याने गोणीत भरा. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं तर आजच बंद करा.

नाकाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. एफएफपी2 किंवा एन95 मास्क दोन्ही पट्ट्यांनी घट्ट बसवा. दाढी असेल तर फटीतून हवा शिरते. पाण्याच्या जोडीला मास्क उपयोगाचा. कोरड्या कापात एकट्या मास्कवर भिस्त ठेवू नका.

[दृश्य : दवाखान्यातला व्ह्यूबॉक्स, छातीचा एक्स-रे.]

कोरडा खोकला, जिना चढताना धाप. बरेचदा याला टीबी समजलं जातं. सिलिकोसिस असलेल्यांना टीबी लवकर गाठतो, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून थुंकीची तपासणी करून घ्याच. पण डॉक्टरांना नुसतं ‘मजुरी करतो’ म्हणू नका. ‘ग्रॅनाइट कापतो, इतकी वर्षं, कोरडं कापतो’ असं सांगा. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छही येतो. दरवर्षी एक्स-रे आणि फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या आणि जुनी फिल्म जपून ठेवा. पुढच्या वर्षी डॉक्टर दोन्ही शेजारी लावून बघतील.