पाठीला हात लावायचा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

कठीण काम दिसलं की आपण त्याला शिवधनुष्य म्हणून मोकळे होतो. अमक्याने शिवधनुष्य पेललं, तमक्याला पेलवलं नाही. मी गेली सात वर्षं फावल्या वेळात लाकडाची धनुष्यं करतो. स्वानुभवाने सांगतो, पेलायला काही लागत नाही. अर्धा-पाऊण किलोची तर वस्तू. न मोडता ती वाकवायची म्हटलं की घाम फुटतो. माझी आत्तापर्यंत सहा मोडली आहेत. आज बोलायचंय ते त्या मोडलेल्यांबद्दल.

आधी दोन शब्द लक्षात ठेवा. धनुष्याला पोट असतं आणि पाठ असते. धनुष्य हातात धरलं की आपल्याकडे येतं ते पोट, आणि नेमाच्या दिशेला असते ती पाठ. दोरी ओढली की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. दाबलेलं लाकूड सुरकुततं, कुरकुरतं, पण बराच वेळ तग धरतं. ताणलेल्या लाकडाला जरा कुठे खोट असली की ते तिथेच उसवतं. म्हणून पाठ ही झाडाने दिलेली तशीच ठेवायची. सालीखालचं एका वर्षाच्या वाढीचं वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. जे काय तासायचं ते पोटाकडून. पाठीला हात लावायचा नाही.

माझं पहिलं धनुष्य याच पाठीने घालवलं. पाठ ओबडधोबड दिसते म्हणून मी ती रंध्याने छान गुळगुळीत केली. चार ठिकाणी वलय कापलं गेलं, मला पत्ताही नाही. तिसऱ्या दिवशी एका कापलेल्या वलयापासून तिरपी चीर निघाली आणि एक लांब ढलपी उभी राहिली. गुळगुळीतपणाचं हे वेडच वाईट. हल्ली ज्याला त्याला फिरत्या मशीनचा पॉलिश पेपर मारायचा असतो. टेबलाला मारा, दाराला मारा. असो.

दुसरं मोडलं नाही, नुसतं मऊ पडलं. लाकूड ओलं होतं. दोरी काढली तरी ते विळ्यासारखं वाकलेलंच राहायचं. ओलं लाकूड वाकतं आणि परत सरळ व्हायचं विसरतं. ओंडका कापल्या कापल्या दोन्ही टोकांना डिंक किंवा रंग फासावा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात झपाट्याने उडतं आणि मग टोकं तडकतात. पुढे ओंडका उभा चिरून सावलीत ठेवायचा. वाळला की नाही हे बोटाने कळत नाही. वजन करायचं. दर आठवड्याला एकच वजन भरायला लागलं, की समजा हवेशी त्याचं जमलं. स्वयंपाकघरातला काटा मी याच कामासाठी पळवतो. त्यावरून घरात काय बोललं जातं ते इथे सांगण्यासारखं नाही.

लाकूड कुठलं, असं हमखास विचारतात. जुन्या लोकांचं आवडतं म्हणजे यू नावाचं झाड. त्याचं सालीजवळचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. पाठ आणि पोट एकाच ओंडक्यात तयार. 1545 साली बुडालेलं इंग्लंडचं मेरी रोझ हे जहाज 1982 मध्ये समुद्राबाहेर काढलं. त्यावर अशी शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली. आणि 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ज्याला ओत्झी म्हणतात, त्याच्याजवळ 1 मीटर 82 सेंटिमीटर लांबीचं यूचंच धनुष्य होतं. अर्धवट राहिलेलं. तासल्याच्या खुणा अजून दिसतात, दोरीच्या खाचासुद्धा पाडायच्या राहिल्यात. मला फार धीर आला ते वाचून.

आता ज्यासाठी मी आज आलो ती गोष्ट. माझं चौथं धनुष्य.

चौथं म्हणजे माझं लाडकं. लाकूड एल्म नावाच्या झाडाचं, वर्षभर वाळवलेलं, पाठ अगदी अखंड. डाव्या अंगाला एक काळपट गाठ होती, डोळ्यासारखी. काम निम्म्याच्या पुढे गेलेलं. आता राहिलं होतं वाक लावणं. इंग्रजीत टिलरिंग म्हणतात, मी आपलं वाक लावणं म्हणतो. भिंतीवर एक फळी ठोकलेली असते. तिच्या खोबणीत धनुष्याची मूठ बसवायची, पाठ वर, पोट खाली. दोरीला दोर बांधून तो खालच्या कप्पीतून आपल्याकडे घ्यायचा. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हळूहळू ओढायचं आणि बघायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकताहेत का? जी कमी वाकते ती ताठ. त्या ताठ बाजूचं पोट जरा खरवडायचं, परत टांगायचं, वीस-तीस वेळा ओढून लाकडाला सवय लावायची, परत बघायचं. हे चालतं दिवसच्या दिवस.

तर रविवारची दुपार. मी ओढलं, बघितलं. डावी बाजू ताठ. धनुष्य उतरवलं, शिकंजात धरलं, डावी बाजू खरवडली. परत टांगलं. डावी अजून ताठच. उतरवलं, खरवडलं, टांगलं. डावी ताठ. मी म्हटलं, लाकूड चिवट आहे, जोर लावायला हवा. स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पातळ पोलादी पट्टी, बाजूला ठेवला आणि कानस घेतली.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची. दारात बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, तो डोळा भिंतीवर इकडे असतो ना, मग टेबलावर तिकडे कसा जातो?"

मी तिला नीट समजावलं. भिंतीवर पोट खाली असतं, तासताना पोट वर घ्यावं लागतं, म्हणून धनुष्य उलटं करतो बेटा. ती म्हणाली, "बरं." ते "बरं" कुठल्या सुरातलं होतं, हे मला आत्ता कळतं.

तुमच्या लक्षात आलं असेल. कुशीवर वळावं तसं धनुष्य जागच्या जागी वळवलं असतं, तर डावं डावंच राहिलं असतं. मी ते काठीसारखं टोकाशी टोक बदलून फिरवत होतो. टेबलावरचं डावं म्हणजे भिंतीवरचं उजवं. ताठ बाजूला मी हातच लावत नव्हतो, आणि आधीच नरम असलेली बाजू दीड तास कानशीने झिजवत होतो.

बायको चहा घेऊन आली. भिंतीकडे बघून म्हणाली, "अहो, ते उजवीकडे गुडघ्यात दुमडल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही, थांब, आता पूर्ण ओढून दाखवतो.

श्रोतेहो, लाकूड तुटण्याआधी बहुतेक वेळा एक बारीकसा टिक असा आवाज करतं. मी तो ऐकला. ऐकूनही वीतभर आणखी ओढलं. मग फटाका फुटावा तसा आवाज, आणि उजवीकडचा हातभर तुकडा उडाला तो थेट समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. मी दोर धरून लांब होतो म्हणून वाचलो. घड्याळ वाचलं नाही. चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं ते थांबलंच.

सगळे गप्प. चहावर साय धरेपर्यंत कुणी बोललं नाही. मग बायको म्हणाली, "रामाने मोडलं तेव्हा सीतेला नवरा तरी मिळाला. आपलं घड्याळ गेलं."

रात्री तुकडे जुळवून मी जाडी मोजली. मुठीपासून सारख्याच अंतरावर डावीकडे 14 मिलिमीटर, उजवीकडे 11. फरक तीनच मिलिमीटरचा. पण लाकडाचा हिशोब असा आहे: रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. उतरतानाही तोच हिशोब. 14 चे 11 झाले की ताठपणा निम्म्याच्याही खाली येतो. म्हणजे तेवढीच जागा बिजागरीसारखी दुमडणार आणि सगळ्या धनुष्याचा भार एकटी खाणार. म्हणून शेवटी शेवटी कानस नको, स्क्रेपर. कागदासारखी पातळ सालपटं निघाली पाहिजेत. आणि वाक नीट बसलेला नसताना पूर्ण ओढायचं नाही. जिथे दोष दिसला तिथेच थांबायचं. परत सांगतो, दोष दिसला की तिथेच थांबायचं.

बाकी सिनेमात ते वीर दोरी कानापर्यंत ओढून दोन-दोन मिनिटं संवाद म्हणतात, ते बघून माझा जीव जातो. अहो, सोडा तो बाण! लाकूड थकतं. आणि कुणी बाण न लावता नुसताच टणत्कार केला, तर मी चॅनेल बदलतो. बाणाने घेऊन जायचा सगळा जोर परत लाकडातच शिरतो.

पाचव्या धनुष्याच्या वेळी मुलीनेच तोडगा काढला. पेन्सिलने एका बाजूला 'वर' आणि दुसरीला 'खाली' असं लिहून दिलं. छान, मोठ्या अक्षरात. मी कामाला लागलो. पाऊण तासाने थांबून बघतो तर 'वर'ही नाही आणि 'खाली'ही नाही. तिने लिहिलं होतं पोटावर, आणि मी दोन्ही शब्द सालपटांबरोबर खाली पाडले होते. आम्ही दोघं जमिनीवर बसून सालपटांत 'व' शोधत होतो.

आता ती पाठीवर लिहिते.

नमस्कार.