मोकळा काठ : एप्रिलमधलं शिकागो

(दृश्य : मिशिगन अव्हेन्यू. रस्त्यावर आडवा पडलेला दांडा, मागे गाड्यांची रांग. पुलाची घंटा.)

एप्रिलअखेरचा शनिवार. शिकागोच्या अगदी मध्यावरची रहदारी थांबलीय, ती एका शिडाच्या होडीसाठी. डुसेबल पूल मधोमध दुभंगतो आणि रस्ता, पदपथ, कठडे असं सगळं घेऊन दोन्ही पाती आभाळाकडे उभी राहतात. हा पूल १९२० सालचा. प्रत्येक पात्याच्या मागच्या टोकाला, रस्त्याच्या पोटात, तोलून बसवलेलं अवाढव्य वजन आहे. ते खाली उतरतं तसं पातं वर येतं. त्यामुळे एवढं लोखंड उचलायला मोटरला फारसा जोर लागत नाही.

या होड्या हिवाळाभर शिकागो नदीच्या दक्षिण शाखेवरच्या यार्डांत, जमिनीवर झाकून ठेवलेल्या असतात. एप्रिलच्या मध्यापासून बुधवारी आणि शनिवारी त्या मिशिगन सरोवराकडे निघतात. डोलकाठी उंच, पूल बुटके. म्हणून वाटेतले दोन डझनांहून जास्त पूल एकामागून एक उचलावे लागतात. फुटपाथवर थांबलेली माणसं घड्याळ बघत नाहीत असं नाही, पण मोबाइल काढून फोटोही घेतात. वसंताची पहिली वर्दी म्हणजे ही वरात.

(दृश्य : पाण्याच्या पातळीवरून, होडीचा नाळेकडचा भाग.)

आता पाण्याकडे बघा. होडी चाललीय पूर्वेला, सरोवराकडे. पाणी वाहतंय उलट, पश्चिमेला. शिकागो नदी पूर्वी मिशिगन सरोवराला मिळायची. शहर वाढलं, कत्तलखाने वाढले, सगळी घाण नदीतून सरोवरात जाऊ लागली, आणि पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातून येत होतं. मग शहराने नदीच फिरवली. सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खोदून जानेवारी १९०० मध्ये पाणी मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळवलं. खालच्या अंगाला सेंट लुईस शहर होतं. आमच्या उशाशी तुमची घाण कशाला, म्हणून मिझुरी राज्य थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०६ मध्ये हरलं.

नदीच्या मुखाशी आज जलपाश आहे, म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद. नदी आणि सरोवर यांच्या पातळीत थोडा फरक असतो. होड्या त्या हौदात थांबतात, पाणी समान होतं, पुढचं दार उघडतं. आणि समोर क्षितिज.

(दृश्य : सरोवर. बराच वेळ निवेदन नाही, फक्त वारा.)

पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा आहेत, दीपगृह आहे, वाळू आहे. कोकणातल्या माणसाला दोनच गोष्टी खटकतील : खारा वास नाही आणि भरती-ओहोटी जाणवत नाही. लांबी जवळपास ४९० किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पाचवा हिस्सा नुसतं गोडं पाणी.

या पाण्याला हिवाळा सोडायला वेळ लागतो. एप्रिलमध्ये ते जेमतेम पाच-सहा अंशांवर असतं. दुपारी जमीन तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला सरोवरावरची गार हवा शहरात शिरते. पश्चिमेच्या उपनगरांत लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असतात, तेव्हा काठावर कानटोपी लागते. आठ-दहा अंशांचा फरक हे इथे नवल नाही. हवामानाच्या बातम्यांत ‘तळ्याकाठी गारवा’ हे वाक्य वसंतभर चुकत नाही.

(दृश्य : ग्रँट पार्क. ट्युलिपचे वाफे, मागे इमारतींची भिंत.)

एवढं मोठं शहर, आणि ऐन मध्यावर पाण्यापर्यंत मोकळी जागा. जमिनीचा इथला भाव लक्षात घेतला तर हे व्हायला नको होतं. पण १८३६च्या नकाशावर, या पट्ट्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं : ही सार्वजनिक जागा कायम मोकळी राहील, तिच्यावर इमारत किंवा कसलाही अडथळा नसेल. पुढची पन्नास वर्षं ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. रेल्वेचे रूळ आले, झोपड्या आल्या, कचरा आला. १८७१च्या आगीत शहर जळालं, त्याचा राडारोडाही इथेच पाण्यात लोटला. आज ज्या हिरवळीवर मुलं लोळतायत, तिच्याखाली ते जळकं शिकागो आहे.

मग आला आरन माँटगोमेरी वॉर्ड. धंदा टपालाने माल विकण्याचा. कॅटलॉग पाठवायचा आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला घरबसल्या सामान पोचवायचं. त्याची कचेरी मिशिगन अव्हेन्यूवर होती आणि समोर हा उकिरडा. १८९० मध्ये त्याने त्या जुन्या नकाशाचा आधार घेऊन दावा ठोकला. मग दुसरा, मग आणखी. शहरातल्या बड्या मंडळींना इथे फील्ड म्युझियम बांधायचं होतं. हा गडी हटेना. १९११ मध्ये शेवटचा निकाल त्याच्या बाजूने लागला आणि म्युझियमला दक्षिणेला, भराव टाकून केलेल्या जागेवर जावं लागलं. एका व्यापाऱ्याच्या चिकाटीमुळे, आणि कबूल करू या, थोड्या खिडकीतल्या दृश्याच्या लोभामुळे, हा काठ वाचला.

(दृश्य : मिलेनियम पार्क. क्लाउड गेट. कॅमेरा हळूहळू जवळ.)

‘क्लाउड गेट’. अनिश कपूर यांचं शिल्प. कपूर जन्माने मुंबईचे, १९५४ सालचे. स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांचं हे काम २००६ मध्ये पुरं झालं. लोक त्याला ‘बीन’ म्हणतात, म्हणजे घेवड्याचा दाणा. सांधा शोधून बघा, सापडत नाही. सगळे वेल्डिंग करून घासून काढलेत. सापडतात ते हाताचे ठसे. माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत बोटं, तळवे, एखाद्या पोराचं नाक. हा खालचा पट्टा रोज पुसावा लागतो. वरच्या भागात मात्र नुसतं आभाळ आणि वाकलेले टॉवर.

पलीकडे वास्तुकार फ्रँक गेरी यांचा संगीतमंच. स्टीलच्या पाकळ्या चाळीस मीटरच्या आसपास वर गेलेल्या. मग ‘अडथळा नसेल’ या अटीचं काय? शहराने तोडगा काढला : ही इमारत नव्हेच, ही कलाकृती! वॉर्डसाहेब असते तर कोर्टाची पायरी पुन्हा चढले असते.

(दृश्य : आर्ट इन्स्टिट्यूट. पायऱ्यांवरचे दोन ब्राँझचे सिंह.)

वॉर्डच्या काळात अपवाद झाला तो या एका इमारतीचा. १८९३च्या जागतिक प्रदर्शनावेळी इथे सर्वधर्म परिषद भरली आणि ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद बोलले. ते सभागृह परिषदेपुरतं होतं, आज नाही. बाहेरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या एका तुकड्याला मात्र विवेकानंदांचं मानद नाव आहे. २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्याच भाषणाचे शब्द इथल्या भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर दिव्यांनी लिहिले होते. आपल्याकडे सहसा निसटतं ते नाव वेगळं : त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नागरकर ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलले होते, विषय होता भारतातली समाजसुधारणा.

आतली चित्रं बघायची तर अख्खा दिवस काढा. आज नाही.

(दृश्य : मेट्राची खिडकी. डावीकडे सरोवर.)

दक्षिणेकडे जाणारी मेट्रा इलेक्ट्रिक, म्हणजे इथली लोकल, पकडायची आणि हाइड पार्कला उतरायचं. पुढे जॅक्सन पार्क, त्या १८९३च्या प्रदर्शनाचं मैदान. जगातला पहिला फेरिस व्हील, आपला आकाशपाळणा, इथूनच जवळ उभा होता. उंची सुमारे ८० मीटर. जपानने तेव्हा इथल्या पार्कातल्या तळ्यातल्या बेटावर मंडप बांधला होता. तो पुढे जळाला. २०१३ मध्ये, प्रदर्शनाला १२० वर्षं झाली म्हणून, इथे चेरीची १२० झाडं लावली.

(दृश्य : फांदी, अगदी जवळून.)

फुलं पानांच्या आधी येतात. पांढऱ्यात गुलाबी झाक, देठ लांब, एका डिरीतून चार-पाच. आठवडाभर, फार तर थोडं जास्त. त्यात एक रात्र कडाक्याची गेली किंवा सरोवरावरून वारा उठला की संपलं.

(दृश्य : संध्याकाळ. मॉन्ट्रोज हार्बर. कंदील, जाळी, शेगड्या.)

सात वाजले की इथे जाळी पाण्यात पडतात. मासा स्मेल्ट, वीतभर, चंदेरी, पिठात घोळवून अख्खा तळायचा, मांदेलीसारखा. परवानगी एप्रिल महिन्यापुरती आणि रात्री एकपर्यंत. हा मासा मूळचा या सरोवरातला नव्हे. मिशिगन राज्यातल्या एका लहान तळ्यात १९१२ मध्ये सोडला, तिथून तो इकडे पसरला. एके काळी बादल्या भरायच्या. आता रात्रभरात मूठभर मिळाले तरी पुष्कळ. परक्या शिंपल्यांनी पाण्यातलं बारीक खाद्य गाळून टाकलं, हे त्याचं एक कारण. तरी मंडळी येतात. शेगडीवर मक्याची कणसं, सॉसेज, मासा सोडून सगळं भाजलं जातं, आणि जाळं वर येतं तेव्हा दहा डोकी वाकून बघतात.

येणार असाल तर एक हिशेब आधीच करा. ग्रँट पार्कातला १९२७ सालचा बकिंगहॅम फवारा मे महिन्यात सुरू होतो. तोवर चेरी झडलेली असते आणि स्मेल्टवाले घरी गेलेले असतात. पूल मात्र जूनपर्यंत उचलले जातात. माझं मत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याला. फवारा काय, इतरत्रही बघता येतो.